जिंकलेले रण, हरवलेले स्मरण

दुसरे महायुद्ध म्हटले की सुशिक्षित मराठी घरातील मुलाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? नॉर्मंडीच्या वाळूवर उतरणारे अमेरिकन सैनिक, लंडनवर घोंगावणारी जर्मन विमाने, स्टालिनग्राडचे बर्फ आणि शेवटी हिरोशिमावर उठलेला धुराचा प्रचंड लोळ. या चित्रात त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातला, कदाचित त्याच्या आजोळच्या गावातला माणूस कोठेच नसतो. इतिहासाची ही दीक्षा त्याला चित्रपटगृहाने दिलेली असते, आणि चित्रपट काढणाऱ्यांनी स्वाभाविकपणे आपापल्या देशाची गोष्ट सांगितलेली असते. त्यांना दोष कसा द्यावा? ज्याने आपली गोष्ट सांगितलीच नाही, त्याने दुसऱ्याच्या गोष्टीत आपले नाव शोधू नये.

नॉर्मंडी घडली, स्टालिनग्राडही घडले. प्रश्न निराळाच आहे. ज्या युद्धात हिंदुस्थानची फौज सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली आणि सक्तीच्या भरतीवाचून उभी राहिलेली जगातील सर्वांत मोठी सेना ठरली, ज्या युद्धात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक कामास आले, त्या युद्धाची कथा सांगताना भारतीय सैनिक पडद्यामागे का राहतो? परक्यांनी त्याला मागे ढकलले असेल. पण त्याला पुढे आणण्याची निकड स्वकीयांना का वाटू नये?

नवी मुंबईतील सीवूड्सचेच उदाहरण घ्यावे. नेरूळ आणि बेलापूर यांच्यामध्ये वसलेली ही सुस्थित, सुविद्य वसाहत. घराघरांत पुस्तके आहेत, संगणक आहेत, परदेशी गेलेल्या मुलांची छायाचित्रे आहेत. या वसाहतीच्या आसपास महायुद्धाच्या खुणा विखुरलेल्या आहेत. लगतच्या करावे येथे ‘टी. एस. चाणक्य’ ही व्यापारी नौकांचे अधिकारी घडविणारी संस्था आहे. तिचा वारसा १९२७ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेपर्यंत जाऊन पोहोचतो. खाडीपलीकडे मुंबईचे बंदर आहे. तेथूनच पलटणींनी भरलेली जहाजे आफ्रिकेच्या दिशेने निघाली. पनवेलवरून कोकणात उतरणाऱ्या महामार्गावर माणगाव लागते. त्या तालुक्यातील पळसगावच्या एका बावीस वर्षांच्या तरुणाने इटलीत देह ठेवला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. असे असूनही केरेन, सेनियो, सांगशाक ही नावे या वसाहतीतील किती घरांत उच्चारली जात असतील? हा केवळ सीवूड्सचा दोष नव्हे. ठाण्यापासून नागपूरपर्यंतच्या साऱ्या मराठी मध्यमवर्गाची हीच अवस्था आहे.

युद्ध ही साखळी असते

महायुद्ध एखाद्या किनाऱ्यावर वा एखाद्या शहरात जिंकले गेले, ही समजूतच मुळात भ्रामक आहे. एका आघाडीवर पडलेल्या घावाचा आवाज हजारो मैलांवरच्या दुसऱ्या आघाडीवर उमटत होता. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार हिंदी महासागरात शिरले. कोलंबो आणि त्रिंकोमाली यांवर हल्ले झाले. ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. हिंदुस्थानचा पूर्व किनारा त्या दिवसांत उघडा पडला होता. पुढे जून महिन्यात प्रशांत महासागरातील मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका अमेरिकेने बुडविल्या. त्यांपैकी अकागी, सोर्यू आणि हिर्यू या तीन नौका दोनच महिन्यांपूर्वी हिंदी महासागरात संचार करीत होत्या. मिडवेचा विजय अमेरिकेचा. पण त्या विजयाने सुटकेचा निःश्वास टाकला तो आंध्रच्या किनाऱ्यानेही.

दुसरे उदाहरण १९४३ च्या जुलैमधले. रशियात कुर्स्क येथे रणगाड्यांची प्रचंड झुंज चालू असतानाच १० जुलै रोजी दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या. अवघ्या तीन दिवसांत हिटलरने कुर्स्कची चढाई आवरती घेण्याचा निर्णय केला. रशियनांचा कणखर प्रतिकार हे त्याचे मोठे कारण होतेच, पण इटली हातची जाण्याची धास्ती हेही एक कारण होते. भूमध्य समुद्रात पडलेले पाऊल रशियाच्या गवताळ मैदानावर ऐकू गेले, ते असे.

आघाड्या जर अशा एकमेकींत गुंतलेल्या होत्या, तर विजयाचे सारे श्रेय एकाच लढाईला वा एकाच राष्ट्राला देणारा इतिहास म्हणजे साखळीतील एक कडी उचलून तीच साखळी असल्याचे सांगणारा इतिहास होय. आणि या साखळीच्या ज्या कड्या तुटत्या तर सारीच साखळी निखळती, त्यांतील काही कड्या मराठी मनगटांनी धरून ठेवलेल्या होत्या.

केरेनचा डोंगर आणि तांबडा समुद्र

१० जून १९४० रोजी मुसोलिनी युद्धात उतरला. इरिट्रिया आणि अॅबिसिनिया त्याच्या ताब्यात असल्याने तांबड्या समुद्राचे तोंड त्याच्या बंदुकीखाली आले. युरोप आणि हिंदुस्थान यांना जोडणारा जलमार्ग, इजिप्तमधील सैन्याला रसद पुरविणारा मार्ग, सुएझचा मार्ग, सारे याच चिंचोळ्या पाण्यावर अवलंबून होते. इटालियनांना तेथून हुसकावल्यावाचून इजिप्त टिकविणे कठीण होते.

ही कामगिरी मुख्यतः भारतीय सेनेच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनवर आली. १९४१ च्या जानेवारीत सुदानमधील कसाला घेऊन या फौजा इरिट्रियात घुसल्या आणि फेब्रुवारीच्या आरंभी केरेनपाशी अडल्या. समोर उभे कातळ, मधून जाणारी एकच अरुंद खिंड, आणि प्रत्येक शिखरावर इटालियन मशीनगन. पाणी आणि दारूगोळा माणसांनी पाठीवर वाहून वर न्यायचा. सात आठवडे ही झुंज चालली. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम येथेच धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. मार्चच्या मध्यावर डोलोगोरोडोक किल्ल्यासाठी जो निकराचा हल्ला झाला, त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण नवव्या ब्रिगेडमधून लढली. दिवसाउजेडी एक हल्ला फसल्यानंतर रात्रीच्या अंधारात पलटणी कातळ चढून गेल्या. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या पोरांना डोंगर नवा नव्हता. नवा होता तो वरून येणारा आगीचा वर्षाव. पहाटेपर्यंत किल्ला पडला आणि २७ मार्च रोजी केरेन हाती आले.

याच मोहिमेच्या काळात मेतेम्मा ते गोंदर या रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंह भगत सतत चार दिवस सुरुंग काढीत होते. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. त्या दलाचे घर पुण्याजवळच्या खडकीत आहे.

आता केरेनची फलश्रुती पाहावी. १ एप्रिल रोजी अस्मारा आणि ८ एप्रिल रोजी मसावा बंदर पडले. ११ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र आता युद्धक्षेत्र राहिला नसल्याचे जाहीर केले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती आणि तिच्या कायद्याने अमेरिकन जहाजांना युद्धक्षेत्रात जाण्यास बंदी होती. ती अट दूर होताच अमेरिकन मालवाहू जहाजे थेट सुएझपर्यंत येऊ लागली. पुढच्या वर्षी, जून १९४२ मध्ये, लिबियातील तोब्रुक पडले तेव्हा रूझवेल्टनी चर्चिलना सुमारे तीनशे शेरमन रणगाडे देऊ केले. ते रणगाडे आफ्रिकेला वळसा घालून याच तांबड्या समुद्रातून सुएझला उतरले आणि ऑक्टोबरमध्ये एल अलामीनच्या रणात रोमेलसमोर उभे ठाकले. अलामीनचा जयघोष माँटगोमेरींच्या नावाने होतो, तो होवो; पण त्या रणगाड्यांना वाट मोकळी करून देणाऱ्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतली पोरे होती, हे कोण सांगणार?

पराभवही आपला, विजयही आपला

केवळ विजय मोजणारी स्मृती पोकळ असते. ज्या तोब्रुकचा उल्लेख वर आला, त्याच्या पाडावाचा पहिला घाव मराठ्यांवरच कोसळला. २० जून १९४२ रोजी रोमेलने विमाने आणि रणगाडे एकवटून अकराव्या भारतीय ब्रिगेडच्या क्षेत्रावर हल्ला चढविला; तेथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. फळी फुटली. दुसऱ्या दिवशी तोब्रुकने शस्त्रे खाली ठेवली आणि हजारो सैनिक बंदिवान झाले. पहिल्या महायुद्धातही असेच घडले होते. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेल्या त्या सैन्याला शरण जावे लागले होते. या दोन्ही पराभवांचे मूळ सैनिकांच्या शौर्यात नव्हे, वरिष्ठांच्या आखणीत होते. कारंजा लाड किंवा कराडच्या घरी न परतलेल्या माणसाचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. त्या माणसाला विसरण्याचा अधिकार मात्र कोणाला मिळत नाही.

आफ्रिकेनंतर इटली. या आघाडीची इतिहासकारांनी उपेक्षाच केली. ४ जून १९४४ रोजी रोम पडले आणि दोनच दिवसांनी नॉर्मंडीत सैन्य उतरले. साऱ्या जगाचे डोळे फ्रान्सकडे वळले. पण जर्मनीच्या वीसहून अधिक डिव्हिजन इटलीच्या डोंगरांत अडकून पडल्या होत्या. त्या तेथे अडकल्या म्हणूनच फ्रान्समध्ये आणि रशियात उतरू शकल्या नाहीत. त्यांना अडकवून ठेवणाऱ्या सैन्यात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या. पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक इटलीच्या मातीत मिळाले आणि भारतीय सेनेच्या सहा जवानांनी तेथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्या सहांतील दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे.

पहिले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील बाकी सारे ठार वा जखमी झाले. एकटे उरलेले घाडगे थांबले नाहीत. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांना गप्प केले, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नवी गोळ्यांची पेटी भरण्यास वेळ नाही हे पाहताच उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. ठाणे हाती आले; पण दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. ज्या तिसऱ्या पलटणीने केरेनचा डोंगर चढला, तिचेच ते शिपाई.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या कंपनीवर तीन मशीनगन आग ओकू लागल्या. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून, चढणीवरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग ते परतले आणि त्यांनी तिन्ही ठाणी निकालात काढली. हाताला जखम होऊन बंदूक धरता येईना, तेव्हा त्यांनी हातबाँबवर काम भागविले. शेवटी बंधाऱ्याच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठा रणघोष केला आणि हात हलवून साथीदारांना वर बोलाविले. मराठा पलटणीचा रणघोष म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार. महिना उलटण्याच्या आत इटलीतील जर्मन सैन्याने शरणागती पत्करली. युरोपातील एका नदीकाठी, जर्मन बंदुकांच्या तोंडावर, शिवरायांचे नाव दुमदुमले, ही घटना महाराष्ट्राच्या घराघरांत कथेसारखी सांगितली जावयास हवी होती. ती सांगितली जात नाही, यापरते दुर्दैव कोणते?

सांगशाकचे ते दिवस

इटलीत हे घडत असताना युद्ध हिंदुस्थानच्या उंबरठ्यापाशी येऊन ठेपले होते. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा मणिपूरमध्ये शिरल्या. त्यांचे लक्ष्य इम्फाळ आणि कोहिमा. त्यापलीकडे दिमापूरचे रेल्वेस्थानक. तेथून चीनकडे जाणारी रसद पुढे सरकत होती. चीन लढत राहिल्याने जपानचे प्रचंड सैन्य तेथे गुंतून राहिले होते. म्हणजे आसामची कडी निखळती, तर चीनची कडीही ढिली पडती.

उखरूलच्या परिसरातील सांगशाक हे नागांचे डोंगरावरील गाव. तेथे पन्नासाव्या भारतीय छत्री ब्रिगेडच्या पलटणींसोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांना सामोरी गेली. जागा अडचणीची, पाण्याची वानवा, काटेरी तारेचे कुंपणही नाही. जपानी ५८ वी रेजिमेंट तेथून कोहिमाकडे निघालेली होती. ती सांगशाकपाशी अडली. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात हातघाईची लढाई झाली. अखेर २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला. ब्रिगेडचे शेकडो सैनिक मृत वा जखमी झाले. हार झाली, असे कागदावर लिहिता येईल. पण त्या दिवसांनी कोहिमा आणि इम्फाळ येथील सैन्याला सावरायला वेळ दिला, आणि एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशाने जपानची एक सबंध डिव्हिजन कोहिमाकडे येत असल्याचे गुपित उघड केले. कोहिमा टिकले. केरेनला लढलेली पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानातून विमानाने उचलून इम्फाळ आणि कोहिमा यांच्या रक्षणास आणली गेली होती. पावसाळ्यात जपानी सैन्य भुकेले, रोगग्रस्त होऊन चिंदविनकडे मागे हटले. जपानच्या भूदलाला त्या काळापर्यंत इतका जबर फटका अन्यत्र बसला नव्हता.

२०१३ साली लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयाने ब्रिटिश सेनेची सर्वांत थोर लढाई कोणती, असा कौल घेतला. वॉटर्लू मागे पडले, नॉर्मंडी मागे पडली. बहुमान गेला तो इम्फाळ-कोहिमा या लढाईला. इंग्रजांनी ही लढाई आपली म्हणून निवडली. ती लढणाऱ्यांत बहुसंख्य सैनिक भारतीय होते आणि ती भारताच्या भूमीवर झाली. तरीही भारतीय विद्यार्थ्याला तिचे नाव इंग्रजांनी सांगावे लागते.

खाडीपलीकडची आघाडी

आघाडी केवळ सीमेवर नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज स्फोटाने फुटले. त्यात कापसाच्या गासड्या होत्या, सोने होते आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. गोदी आणि लगतच्या वस्त्या पेटल्या, शेकडो माणसे दगावली. आग विझविताना ६६ अग्निशामक जवान बळी पडले. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ज्या दिवशी मुंबईत हा आगडोंब उसळला, त्याच दिवशी मणिपूरमधील मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकविला. एकाच तारखेला एका बाजूस मुंबईचा कामगार आणि दुसऱ्या बाजूस नेताजींचा सैनिक या युद्धाची किंमत मोजत होता. सीवूड्सच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या पाण्याला हे सारे ठाऊक आहे. खिडकीत उभ्या असलेल्याला मात्र नाही.

जहाजांवरील खलाशांचीही आठवण येथेच करावी. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील तांडेलांनी, खलाशांनी मालवाहू जहाजांवर काम केले आणि पाणबुड्यांच्या तडाख्याने किती तरी जण समुद्रात नाहीसे झाले. रणगाडा रणांगणावर पोहोचतो तो कोणी तरी त्याला समुद्रातून वाहून नेतो म्हणून.

‘भाडोत्री’ म्हणणाऱ्यांस

येथे एक आक्षेप ठरलेला असतो. हे सैनिक ब्रिटिश साम्राज्याचे पगारी नोकर. त्यांचे गोडवे गाणे म्हणजे गुलामीचे गोडवे गाणे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने कोणाही भारतीय नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, हे खरे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली आणि राज्यकर्त्यांनी युद्धाच्या गरजा आधी पाहिल्या, हेही खरे. साम्राज्याचा तो गुन्हा कोणी झाकू नये. पण साम्राज्याच्या गुन्ह्याची शिक्षा सैनिकाला का?

त्या काळातील दूरदर्शी नेत्यांनी या भरतीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले होते. हिंदूंनी सैन्यात शिरावे, शस्त्रविद्या हस्तगत करावी, असा आग्रह स्वातंत्र्यवीर सावरकरांनी धरला. त्यापायी ‘रिक्रुटवीर’ ही हेटाळणी त्यांनी सोसली. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला सैनिकी शाळा काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार सैनिकांना पुन्हा स्थान मिळावे यासाठी प्रयत्न केले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. या पुढाऱ्यांच्या वाटा एकमेकांहून भिन्न होत्या. पण शस्त्र हाती असलेला समाजच उद्याच्या राज्याचा भार उचलू शकेल, या एका मुद्द्यावर ते एकत्र येत होते. इतिहासाने त्यांना खोटे पाडले नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘तलवार’ या नौदलतळावरून उठाव झाला, तेव्हा युद्धातून परतलेल्या हिंदी माणसाची निष्ठा यापुढे गृहीत धरता येणार नाही, हे साम्राज्याला उमजले. १९४७ साली स्वतंत्र भारताला काश्मीर राखण्यासाठी जी सेना मिळाली, ती याच आघाड्यांवर तावून सुलाखून निघालेली होती. केरेनची आणि यशवंत घाडगे यांची ती तिसरी पलटण पुढे छत्री दलात गेली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगाइल येथे आकाशातून उतरली. पाच दिवसांत ढाका पडले. भाडोत्री सैनिकांची परंपरा अशी असते काय?

काही प्रश्न राष्ट्रवादी म्हणविणाऱ्यांनाही विचारायला हवेत. आझाद हिंद सेनेचा गौरव करताना तिच्यासमोर उभ्या असलेल्या भारतीय सैनिकाचे नाव घेण्यास संकोच का व्हावा? नेताजींच्या सेनेतील एक ज्येष्ठ सेनानी जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडी संस्थानातील; सिंगापूर पडण्यापूर्वी तेही मराठा लाइट इन्फंट्रीतच होते. एकाच पलटणीच्या परंपरेतील माणसे परिस्थितीने दोन बाजूंना गेली. दोन्ही बाजूंना रक्त एकाच मातीचे सांडले. यांपैकी एकाचा सन्मान करण्यासाठी दुसऱ्याला विसरावे लागत असेल, तर तो सन्मान अपुराच होय.

विस्मरणाचा हिशेब

दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धातील सैनिकांची नावे कोरली आहेत. २०१९ साली उभारलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची नावे आहेत. या दोन्हींच्या मधल्या महायुद्धात पडलेल्या ८७ हजारांना मात्र त्यांच्या राजधानीतील या दोन्ही भिंतींवर जागा नाही. साम्राज्याने पहिल्यांना दगडात कोरले, स्वतंत्र राष्ट्राने आपल्यांना कोरले. मधले दोघांच्याही हिशेबातून निसटले. इटलीतील मोन्तोने या छोट्या गावाने मात्र जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यतबकडीचे स्मारक उभारले. ज्या गावाशी पळसगावच्या घाडग्यांचे नाते केवळ त्यांच्या मृत्यूचे, त्या गावाने आठवण ठेवली.

माणगावी त्यांचा पुतळा आहे. पण पुतळा हे स्मरणाचे साधन असते, स्मरण नव्हे. त्या पुतळ्यापाशी नवी मुंबईतील एखाद्या शाळेची सहल थांबते काय? गणेशोत्सवाच्या देखाव्यात आयफेल टॉवर उभा करणाऱ्या मंडळांना सेनियोचा बंधारा उभा करावासा वाटतो काय? दहा जुलै आणि नऊ एप्रिल हे दिवस एखाद्या वाचनालयात, एखाद्या गृहसंस्थेच्या सभागृहात पाळले जातात काय? सीवूड्सच्या रेल्वेस्थानकाबाहेर, पाम बीच मार्गाच्या एखाद्या चौकात, या पलटणींच्या लढायांचा नकाशा दाखविणारा एक साधा फलक लावण्यासाठी कोणत्या अनुदानाची वाट पाहावयाची आहे? पाठ्यपुस्तके बदलतील तेव्हा बदलोत. घरातला पाठ बदलण्यास शासनाची अनुमती लागत नाही. ज्यांच्या घरी महायुद्धावर जाऊन आलेल्या आजोबांची पदके, पेन्शनची कागदपत्रे, एखादे जीर्ण पत्र पेटीत पडून आहे, त्यांनी ती पेटी उघडावी, नाव-गाव-पलटण लिहून काढावी आणि नातवंडांना वाचून दाखवावी. हे काम येत्या काही वर्षांतच व्हावयास हवे. त्या आजोबांना पाहिलेली माणसेही आता सत्तरीपार गेली आहेत. ती गेली की पेटीतले पदक नुसता धातू उरेल.

दुसऱ्यांच्या लढाया तोंडपाठ आणि स्वतःच्या लढाया अनोळखी, अशा अवस्थेतला समाज उद्याच्या संकटात कोणाच्या उदाहरणाने उभा राहणार? मोन्तोनेच्या ग्रामस्थांना जे सुचले, ते माणगावच्या वाटेवर राहणाऱ्यांना का सुचत नाही, याचे उत्तर शासनाने नव्हे, प्रत्येक मराठी घराने द्यावयाचे आहे.